हाडांच्या पिंजऱ्यातला हॅरी

अमेरिकेतील फिलाडेल्फिया हे शहर मराठी वाचकाला परके नाही. डॉ. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये याच शहरातील महिला वैद्यकीय महाविद्यालयातून एम. डी. ही पदवी मिळविली. त्या काळातही वैद्यकशास्त्राचे मोठे केंद्र असलेल्या या शहरात १८६३ मध्ये सुरू झालेले म्युटर संग्रहालय आहे. तेथील एका काचेच्या कपाटात एक सांगाडा उभा आहे. मान एका बाजूस झुकलेली, पाठीवर हाडांच्या जाड पट्ट्या आणि पत्रे पसरलेले, हात अर्धवट दुमडून धडाशी जखडलेले. मृत्यूनंतर मांस आणि स्नायू नाहीसे झाले की मानवी सांगाड्यातील हाडे सुटी होतात व संग्रहालयात मांडण्यासाठी ती तारांनी जोडावी लागतात. या सांगाड्याला तशा आधाराची फारशी गरज पडली नाही, कारण त्याची हाडे जिवंतपणीच एकमेकांना सांधली गेली होती.

हा सांगाडा हॅरी रेमंड ईस्टलॅक याचा. अवघे ३९ वर्षांचे आयुष्य लाभलेल्या या माणसाने कोणताही शोध लावला नाही वा ग्रंथ लिहिला नाही. तरीही अस्थिविकारांच्या अभ्यासात त्याचे नाव जगभर घेतले जाते. शरीराचे रक्षण करणारी प्रतिकारयंत्रणा हाडांच्या विकृत वाढीला कशी कारणीभूत ठरते, या प्रश्नाचा माग काढणाऱ्या संशोधकांना त्याच्या देहाने मोठा आधार दिला.

एक साधा अस्थिभंग

हॅरीचा जन्म १७ नोव्हेंबर १९३३ रोजी फिलाडेल्फियात झाला. महामंदीचे ते दिवस होते. बालपणीची पहिली काही वर्षे इतर मुलांसारखीच गेली. तो चार वर्षांचा असताना बहिणीसोबत खेळत असताना झालेल्या अपघातात त्याचा डावा पाय मोडला. त्या वयात हाड मोडणे ही काही जगावेगळी घटना नव्हे. पायाला प्लास्टर घातले गेले. या वयातील हाडे लवकर जुळतात, त्यामुळे थोड्याच दिवसांत मूल पुन्हा धावू लागेल, अशीच अपेक्षा कोणीही केली असती.

तसे घडले नाही. मोडलेले हाड नीट जुळले नाहीच. शिवाय कंबर आणि गुडघ्याचे सांधे आखडू लागले. पुढे क्ष-किरण तपासणीत मांडीच्या स्नायूंमध्ये हाड तयार होत असल्याचे दिसून आले. स्नायूच्या जागी हाड येणे ही गोष्ट त्या घराला अनाकलनीय होती. डॉक्टरांनी त्या काळच्या तर्काला धरून उपाय केला. जे हाड नको आहे ते शस्त्रक्रियेने काढून टाकावे, हा तो तर्क. हॅरीवर एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या. प्रत्येक वेळी काढलेल्या हाडाच्या जागी नवे हाड आले, आणि ते आधीपेक्षा जाड व अधिक पसरलेले होते.

हॅरीला झालेल्या विकाराचे आजचे नाव फायब्रोडिसप्लेसिया ऑसिफिकन्स प्रोग्रेसिव्हा, संक्षेपाने एफओपी. साधारण दहा लाखांत एखाद्याला होणारा हा जन्मजात विकार आहे. स्नायू, कंडरा आणि अस्थिबंध यांचे हळूहळू खऱ्याखुऱ्या हाडात रूपांतर होते. हे हाड म्हणजे क्षारांचा निर्जीव थर नसतो. रक्तवाहिन्या आणि मज्जा असलेले ते सर्वसाधारण हाडच असते. चूक हाडाच्या जातीत नसून त्याच्या जागेत असते. विकाराची वाटचालही बहुधा ठरलेली असते. मान, खांदे आणि पाठ प्रथम, मग कंबर व हातपाय. हृदयाचे स्नायू, जीभ, डोळे हलविणारे स्नायू आणि श्वासपटल मात्र त्यातून सुटतात.

जखडत गेलेले तारुण्य

ज्या वयात मुले शाळा-कॉलेजच्या मैदानावर असतात, त्या वयात हॅरीचे एकेक अवयव थांबत गेले. विशीच्या मध्यावर येईपर्यंत त्याच्या पाठीचे मणके एकमेकांना जुळून एकसंध झाले होते. पाठीवर हाडांचे जाळे पसरले होते. जबडाही जखडला गेला. या विकारात जबडा मिटतो तेव्हा रुग्णाला घास चावता येत नाही, बोलणे दातांच्या फटीतून करावे लागते आणि दात दुखला तर साधा उपचारही जोखमीचा होतो.

या आजारातील सर्वांत कठीण बाब म्हणजे मन आणि बुद्धी अखेरपर्यंत जागी असतात. एकेक सांधा कायमचा बंद होत आहे, हे रुग्णाला स्पष्टपणे कळत असते. सांधे थिजण्यापूर्वी आपण कोणत्या स्थितीत असावे, बसलेले की उभे, याचाही विचार काही रुग्णांना करावा लागतो, कारण पुढचे आयुष्य त्याच स्थितीत काढायचे असते. हॅरीच्या हयातीत अशा रुग्णांची कोणतीही संघटना नव्हती. आपल्यासारखा दुसरा कोणी जगात आहे का, हे शोधण्याचे साधन त्या कुटुंबांपाशी नव्हते. अमेरिकेतील जीनी पीपर या महिलेने, जी स्वतः या विकाराची रुग्ण होती, १९८८ मध्ये विखुरलेल्या रुग्णांना एकत्र आणणारी आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली. हॅरीला जाऊन तेव्हा पंधरा वर्षे झाली होती.

अखेरच्या काळात हॅरीला केवळ ओठ हलविता येत होते. बरगड्यांभोवतीचा भाग ताठर झाला की छाती फुगत नाही, फुप्फुसांत पुरेशी हवा जात नाही आणि साधा कफही जीवघेणा ठरतो. ११ नोव्हेंबर १९७३ रोजी, चाळिसाव्या वाढदिवसाला सहा दिवस उरले असताना, न्यूमोनियाने त्याचे निधन झाले.

त्यापूर्वी त्याने एक निर्णय घेतला होता. आपला देह संशोधनासाठी द्यावा, अशी इच्छा त्याने व्यक्त केली होती. त्यानुसार त्याचा सांगाडा आणि वैद्यकीय कागदपत्रे म्युटर संग्रहालयाकडे आली. ज्या शरीराने त्याला हालचालीचे स्वातंत्र्य दिले नाही, त्या शरीराचा विनियोग कसा व्हावा हे मात्र त्याने स्वतः ठरविले.

रक्षकच वाट दाखवितो तेव्हा

हॅरीच्या आयुष्यातील कोडे असे होते की, त्याला इजा झाली की तेथे हाड येई. पडणे, मार लागणे, शस्त्रक्रिया, स्नायूत दिलेले इंजेक्शन, एवढेच काय, फ्लूसारखा विषाणूजन्य ताप येऊन गेला तरी या विकाराच्या रुग्णांत सुजेची उसळी येते आणि काही आठवड्यांत ती सूज हाडात बदलते. मग इजा आणि हाड यांच्यामध्ये नेमके काय घडते?

हा विकार वैद्यकाला नवा नव्हता. लंडनचे शल्यचिकित्सक जॉन फ्रिक यांनी १७३६ मध्येच पाठीवर पोवळ्याच्या फांद्यांप्रमाणे हाडे पसरलेल्या एका चौदा वर्षांच्या मुलाची नोंद करून ठेवली होती. मात्र त्यामागची कारणे पुढे अडीचशेहून अधिक वर्षे अंधारात राहिली. अमेरिकी शल्यचिकित्सक मार्शल उरिस्ट यांनी १९६५ मध्ये, हाडातील क्षार काढून उरलेला भाग प्राण्याच्या स्नायूत ठेवला असता तेथे नवे हाड तयार होते, हे दाखवून दिले. हाड घडविणारी काही प्रथिने असतात, या विचाराला त्यातून बळ मिळाले. स्नायूला हाड हो असा निरोप देणारी यंत्रणा शरीरात आहे, एवढे त्यावरून स्पष्ट झाले.

हॅरीच्याच शहरातील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डॉ. फ्रेडरिक कॅप्लान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विकाराचा पाठपुरावा सुरू केला. रुग्ण विरळ, त्यातही आनुवंशिक वारसा दाखविणारी कुटुंबे आणखी विरळ. ऊतीचा तुकडा काढून तपासावा तर त्या जखमेतूनच नवे हाड येणार. अशा परिस्थितीत हॅरीचा संपूर्ण सांगाडा हा मौल्यवान पुरावा ठरला. क्ष-किरणांच्या सपाट चित्रांत जे दिसत नाही ते तेथे प्रत्यक्ष पाहता आले. नवे हाड कोणत्या स्नायूच्या वाटेने गेले, मूळ सांगाड्याला ते कोठे जोडले गेले, कोणता सांधा पूल बांधल्यासारखा बंद झाला, याचा तो उभा नकाशाच होता.

कॅप्लान आणि आयलीन शोर यांच्या गटाने २००६ मध्ये या विकाराचे जनुक शोधून काढले. एसीव्हीआर-१ हे ते जनुक. हाडे घडविणाऱ्या प्रथिनांचा निरोप पेशीपर्यंत पोहोचविणारा ग्राहक त्याच्यापासून तयार होतो. या ग्राहकाच्या २०६ व्या स्थानी आर्जिनिनऐवजी हिस्टिडिन हे अमिनो आम्ल आले की बहुतेक रुग्णांतील हा विकार संभवतो. प्रौढ माणसाच्या शरीरातील हाडांची संख्याही २०६ मानली जाते, हा केवळ योगायोग.

परंतु दोष जन्मापासून प्रत्येक पेशीत असताना हाड मात्र ठराविक वेळी आणि ठराविक जागीच का येते? येथे प्रतिकारयंत्रणेचा संबंध येतो. स्नायूला इजा झाली की रक्तातील रक्षक पेशी तेथे धाव घेतात. महाभक्षक पेशी मृत भाग गिळून टाकतात, मास्ट पेशी आपल्यातील रसायने सोडतात, लिम्फोसाइट पेशी जमा होतात. निरोगी माणसात ही सूज ओसरते आणि स्नायू पूर्ववत होतो. या विकाराच्या रुग्णांत सुजेच्या पहिल्या टप्प्यावर अशा पेशींची गर्दी दिसून येते. त्यानंतर स्नायूचा तो भाग नष्ट होतो, त्या जागी तंतुमय ऊती वाढतात, तिची कूर्चा होते आणि कूर्चेचे हाड. गर्भात बाळाची हाडे घडतात तोच हा क्रम, फक्त अवेळी आणि अस्थानी.

या संबंधाचा एक विलक्षण पुरावा २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. एफओपी असलेल्या एका रुग्णाला रक्ताच्या वेगळ्याच गंभीर आजारासाठी अनेक वर्षांपूर्वी अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण करावे लागले होते. मज्जा निरोगी दात्याची होती. प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे सुरू असेपर्यंत हाडांची वाढ शांत राहिली आणि ती थांबविल्यावर विकाराने पुन्हा डोके वर काढले. याचा अर्थ रक्षक पेशी निरोगी असल्या तरी त्या ठिणगी पुरवू शकतात. पेट घेणारे इंधन म्हणजे दोषयुक्त ग्राहक असलेल्या रुग्णाच्या स्वतःच्या ऊती.

पुढची कडी २०१५ मध्ये जुळली. ॲक्टिव्हिन ए हे प्रथिन सुजेच्या वेळी शरीरात वाढते. रक्षक पेशीही ते तयार करतात. निरोगी ग्राहकाला हे प्रथिन हाड बनविण्याचा आदेश देत नाही. बदललेला ग्राहक मात्र त्यालाच आदेश समजतो, असे प्रयोगात आढळले. उंदरांवरील प्रयोगांत मास्ट आणि महाभक्षक पेशी कमी केल्या असता अस्थानी हाडाचे प्रमाणही घटले. हॅरीच्या प्रत्येक शस्त्रक्रियेनंतर नवे हाड का आले, याचे उत्तर अशा रीतीने त्याच्या मृत्यूनंतर चार दशकांनी मिळाले. शस्त्राने हाड काढले जात होते आणि त्याच जखमेतून सुजेला, पर्यायाने नव्या हाडाला, आमंत्रण मिळत होते.

दुर्मीळ आजार, व्यापक धडा

एवढ्या विरळ आजाराचा सर्वसामान्य वाचकाशी काय संबंध, असा प्रश्न स्वाभाविक आहे. ज्या १९७३ मध्ये हॅरी मरण पावला, त्याच वर्षी लंडन आणि लॉस एंजेलिस येथील दोन गटांनी स्वतंत्रपणे एक महत्त्वाचा शोध जाहीर केला. अँकिलोझिंग स्पॉण्डिलायटिस या पाठीच्या कण्याच्या विकाराचा प्रतिकारयंत्रणेशी निगडित असलेल्या एचएलए-बी २७ या घटकाशी दृढ संबंध असल्याचे त्यांना आढळले. या विकारातही दीर्घकाळच्या सुजेनंतर मणक्यांमध्ये हाडांचे पूल तयार होतात आणि कणा बांबूसारखा ताठ होतो. तो एफओपीपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात आढळतो आणि ऐन तारुण्यात सुरू होतो. खुब्याच्या सांध्याचे प्रत्यारोपण, गंभीर भाजणे किंवा मज्जारज्जूची इजा यांनंतरही काही रुग्णांत स्नायूंमध्ये हाड तयार होते. या साऱ्यांची कारणे एकच नाहीत. सूज आणि हाड यांचे नाते मात्र सर्वांत दिसते, आणि ते समजून घेण्यात एफओपीच्या अभ्यासाची मोठी मदत झाली आहे.

उपचारांच्या आघाडीवर पूर्ण बरे करणारे औषध अद्याप हाती आलेले नाही. सुजेची उसळी येताच अल्पकाळ स्टिरॉइड देणे हा प्रचलित उपाय आहे. पालोव्हारोटीन या औषधाला २०२२ मध्ये कॅनडात आणि ऑगस्ट २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ते नव्या हाडाची वाढ कमी करते. तयार झालेले हाड विरघळवीत नाही. वाढत्या वयातील मुलांची उंची त्याने खुंटू शकते, म्हणून लहान मुलांना ते दिले जात नाही. ॲक्टिव्हिन ए या प्रथिनाला रोखणाऱ्या औषधांवरही काम झाले आहे.

मोऱ्याच्या धक्क्यापासून

औषधापेक्षा आज अधिक मोलाचे आहे ते वेळेवर झालेले निदान. जगभरातील १३८ रुग्णांच्या २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ८७ टक्के रुग्णांचे सुरुवातीचे निदान चुकले होते. अनेकांच्या गाठी कर्करोगाच्या समजल्या गेल्या. दोनतृतीयांश रुग्णांवर अनावश्यक छेद देणारे उपचार झाले आणि जवळपास निम्म्यांची हालचाल अशा उपचारांमुळे कायमची घटली. म्हणजे हॅरीच्या बाबतीत १९४० च्या दशकात जे घडले, ते त्यानंतरही घडत राहिले.

आणि तरीही या विकाराची एक खूण जन्माच्या दिवशीच, कोणत्याही यंत्राविना दिसू शकते. जवळपास सर्व रुग्णांच्या पायांचे अंगठे जन्मतः आखूड आणि इतर बोटांकडे वळलेले असतात. अंगठा वाकडा असला म्हणजे हा विकार आहेच असे मुळीच नाही. त्याची इतर साधी कारणे कितीतरी असतात. पण असा अंगठा आणि पुढे मानेवर वा पाठीवर अचानक आलेल्या टणक गाठी, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर सुई वा सुरी लावण्यापूर्वी थांबून जनुकीय तपासणीचा सल्ला घेणे आवश्यक ठरते. लसीकरणाबाबतही गैरसमज नको. इतर सर्व बालकांना नेहमीच्या लसी वेळेवर मिळायलाच हव्यात. केवळ निदान झालेल्या रुग्णांत स्नायूतील इंजेक्शन टाळून शक्य तेथे त्वचेखाली लस देण्याचा पर्याय तज्ज्ञ निवडतात.

उरण तालुक्यातील मोऱ्यासारख्या बंदरगावाच्या दृष्टीने ही माहिती महत्त्वाची आहे. मोऱ्याच्या धक्क्यावरून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरून मुंबईची मोठी रुग्णालये गाठणे हा येथील कुटुंबांचा जुना परिपाठ. जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत लोकलही आली. देशाच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात परळच्या केईएम रुग्णालयाचा समावेश उत्कृष्टता केंद्रांत करण्यात आला आहे. दहा लाखांत एक हे प्रमाण धरले तर बारा कोटींहून अधिक लोकसंख्येच्या महाराष्ट्रात असे शंभराहून अधिक रुग्ण असावेत. त्यांतील एखादे मूल खाडीकाठच्या कोणत्याही गावात असू शकते. तेथून परळपर्यंत पोहोचण्याची सोय आहे. पण बाळाला प्रथम पाहणाऱ्या सुईणीने, परिचारिकेने, आशा सेविकेने वा गावच्या डॉक्टरांनी त्या अंगठ्याकडे लक्ष दिले तरच त्या सोयीचा उपयोग.

फिलाडेल्फियात हॅरी अनेक वर्षे त्या कपाटात एकटा होता. याच विकाराने ग्रस्त असलेली कॅरोल ऑर्झेल ही त्याच शहरातील महिला तरुण डॉक्टरांना स्वतःच्या शरीराच्या आधारे या आजाराची माहिती देत असे. आपला सांगाडा हॅरीच्या शेजारी, आपल्या आवडत्या दागिन्यांसह ठेवावा, अशी तिची इच्छा होती. २०१८ मध्ये तिचे निधन झाले आणि २०१९ पासून तिचा सांगाडा त्याच्या जवळ मांडण्यात आला. वैद्यकीय शिक्षण घेणारे विद्यार्थी त्या दोघांसमोर उभे राहतात तेव्हा त्यांना पाठीवरील हाडांच्या पट्ट्यांबरोबरच पायांचे अंगठेही दाखविले जातात. हॅरीच्या लहानपणी त्या अंगठ्यांचा अर्थ वेळेत कोणाच्या ध्यानात आला असता, तर त्याच्या वाट्याच्या शस्त्रक्रिया तरी टळल्या असत्या.